कोनात पास, वळणाने धाव

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातल्या एका पोराला १९०५च्या सुमारास शेजारच्या बाल्डविन गावातून बोलावणं आलं. तिथल्या बेकर विद्यापीठाला बास्केटबॉलच्या संघासाठी कोच हवा होता. निरोप पोचवणारे होते डॉ. जेम्स नेस्मिथ, म्हणजे हा खेळ ज्यांनी शोधला ते. सांगतात की निरोप देताना त्यांना हसू आवरत नव्हतं. बास्केटबॉल कुणी शिकवत नसतं, तो नुसता खेळायचा असतो, असं त्यांचं म्हणणं. पोराने उलट उत्तर दिलं. कोनात पास द्यायला शिकवता येतं, वळण घेत धावायला शिकवता येतं, बॉलला कमान कशी द्यायची तेही दाखवता येतं.

पोराचं नाव फॉरेस्ट ॲलन. बेसबॉलच्या सामन्यात पंच म्हणून उभा राहिला की त्याचा आवाज फॉगहॉर्नसारखा, धुक्यात जहाजांना इशारा देणाऱ्या भोंग्यासारखा, मैदानभर घुमायचा. त्यावरून ‘फॉग’ हे नाव पडलं आणि जन्मभर चिकटलं. कोचिंग हा बास्केटबॉलमधला वेगळा पेशा होऊ शकतो, हे ज्यांनी आधी ओळखलं त्यांत ॲलन यांचं नाव पहिल्या ओळीत येतं. त्यांनी कोनाचा आणि वळणाचा मुद्दा काढला तो नुसता हजरजबाबीपणा नव्हता, हे कळायला त्या काळचा खेळ डोळ्यांसमोर आणावा लागतो.

आधी नेस्मिथ यांची बाजू, कारण तेही काही उगाच बोलत नव्हते. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत डिसेंबर १८९१ मध्ये त्यांच्याकडे १८ तरुणांचा एक कंटाळलेला वर्ग होता. फुटबॉलचा हंगाम संपलेला, बेसबॉलचा लांब, बाहेर बर्फ. बंद हॉलमध्ये धसमुसळेपणा होणार नाही असा खेळ हवा होता. बॉल हातात घेऊन पळायचं नाही, असा नियम केला की अंगावर धावून जायचं कारणच उरत नाही. लक्ष्य डोक्याच्या वर नेलं की जोरात फेकण्याचा उपयोग नाही, अलगदच टाकावं लागतं. पीचच्या टोपल्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या आणि तो कठडा १० फुटांवर होता. बास्केटबॉलची ती पवित्र उंची अशी सुताराच्या हिशोबाने ठरली. थोडक्यात, नेस्मिथ यांच्या लेखी हा व्यायाम होता, मनाला वळण लावणारा. जिंकण्यासाठी त्याची तालीम करायची हे त्यांना जरा विचित्रच वाटायचं. कॅन्ससमध्ये नऊ हंगाम संघ त्यांच्याकडे होता. ५५ सामने जिंकले, ६० हरले. हरलेले सामने जिंकलेल्यांपेक्षा जास्त असलेला कॅन्ससचा कोच आजवर एकच, आणि तो म्हणजे या खेळाचा जनक.

आता बॉल. आजचा बॉल साच्यातून काढलेला, सगळीकडून सारखा गोल असतो. तो पुष्कळ नंतर आला. त्याआधीचा बॉल म्हणजे चामड्याचे शिवलेले तुकडे, आत रबराचा फुगा आणि फुग्याचं तोंड झाकायला बुटासारखी नाडी. नाडीच्या जागी फुगवटा यायचा. बॉल नेमका नाडीवर आपटला की भलतीकडे उडायचा, त्यामुळे ड्रिबल करत, म्हणजे बॉल जमिनीवर आपटत पुढे जाताना, मान वर ठेवणं अवघड. शॉट मारण्याआधी नाडी बोटांखाली येणार नाही असा बॉल फिरवून घ्यावा लागे. वापरून वापरून चामडं ताणलं जायचं आणि बॉल किंचित लांबट व्हायचा. असला बॉल घेऊन खेळायचं तर बॉल जमिनीवर कमी आणि हवेत जास्त ठेवणं शहाणपणाचं. म्हणून पास.

पास सरळ दिला तर काय होतं? देणारा आणि घेणारा यांच्यामधल्या रेषेवर बचाव करणारा उभा असतो, किंवा एका पावलात तिथे येतो. मैदानाला आडवा, रिंगला समांतर दिलेला पास सर्वांत वाईट, कारण तो मधे अडवला गेला की अडवणाऱ्याच्या पुढ्यात मोकळं मैदान असतं आणि आपले दोघेही मागे पडलेले असतात. पास कोनात दिला, म्हणजे घेणारा जिथे आहे तिथे न देता दोन पावलांनंतर जिथे असेल तिथे दिला, तर बॉल त्याच्या अंगाच्या बाहेरच्या बाजूला येतो. बचाव करणारा आतल्या बाजूला अडकतो. घेणाऱ्याचं शरीरच बॉलची भिंत होतं.

वळणाचंही तसंच. सरळ रेषेत पळणारा कुठे पोचणार हे समोरच्याला आधीच दिसतं. तो आडवा येऊन उभा राहिला की धडक, आणि फाउल बहुधा धावणाऱ्यावरच. शिवाय सरळ वेगात आलेल्याला बॉल मिळाल्यावर थांबता येत नाही, एखादं पाऊल जास्त पडतंच. गोलाई घेत येणारा आतल्या पायावर कललेला असतो, त्याचा वेग आधीच थोडा कमी झालेला असतो आणि खांद्यावरून बॉल सतत दिसत राहतो. शेवटच्या क्षणी वळण घट्ट करायचं की सैल, हेही त्याच्या हातात असतं. खो-खोत खांबापाशी वळणारा धावपटू ज्याने नीट पाहिला आहे, त्याला हे वेगळं समजावायला नको.

राहिली कमान. रिंगचा व्यास ४५.७ सेंटिमीटर, बॉलचा साधारण २४. आकड्यांवरून वाटतं, केवढी ऐसपैस जागा. पण बॉल वरून सरळ खाली येत नाही, तिरका येतो, आणि तिरक्या नजरेला गोल रिंग लंबगोल दिसते. बॉल ४५ अंशांत उतरला तर त्याच्यासाठी रिंगची उघडी जागा ३२ सेंटिमीटर उरते. ३० अंशांत उतरला तर २३. म्हणजे बॉलपेक्षा कमी. तो रिंगला न घासता आत जाऊच शकत नाही. चपटा शॉट का जात नाही याचं उत्तर इतकं साधं आहे, आणि तरीही आजसुद्धा गल्लीतली निम्मी पोरं चपटेच शॉट मारतात.

फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर रेषेमागून बिनअडथळा मारायला मिळणारा शॉट, तेव्हा बहुतेक जण खालून, दोन्ही हातांनी टाकायचे. पाय खांद्याएवढे फाकवून रेषेमागे उभं राहायचं. बॉल दोन्ही बाजूंनी बोटांच्या टोकांवर धरायचा, तळव्याने नाही. गुडघे वाकवत हात सैल सोडून बॉल मांड्यांच्या मधे आणायचा आणि गुडघे सरळ होता होता वर सोडायचा. सोडताना बोटं वरच्या दिशेला उलगडली की बॉलला उलटी फिरकी मिळते. रिंगवर पडला तरी तो मऊ पडतो. यात चूक होते ती एकच आणि नेहमीची. एक हात दुसऱ्यापेक्षा आधी सुटतो आणि बॉल बाजूला जातो. १९२४पर्यंत संघातला कोणताही एक खेळाडू सगळे फ्री थ्रो घेऊ शकत असे, मग फाउल कुणावरही झालेला असो. कॅन्सस सिटीच्या क्लबकडून १९०५ साली बफेलो जर्मन्स या नावाजलेल्या संघाशी तीन सामने झाले, त्यांत हे काम तरुण ॲलन यांच्याकडे होतं. क्लबने तीनपैकी दोन जिंकले. फ्री थ्रोला एक माणूस घोटून तयार केला की सामने फिरतात, हे त्यांनी कोच होण्याआधीच पाहिलं होतं.

बेकर, मग कॅन्सस, मग कॅन्सस विद्यापीठ ज्या गावात आहे त्या लॉरेन्समधलीच मूलनिवासी विद्यार्थ्यांची हॅस्केल ही संस्था. १९०८-०९च्या हंगामात हे तिन्ही संघ एकाच वेळी त्यांच्याकडे होते. त्यानंतर त्यांनी कोचिंग सोडलं आणि ऑस्टिओपॅथी शिकायला गेले. हाडं, सांधे, स्नायू हातांनी तपासून आणि दाबून उपचार करायची ही पद्धत. आपल्याकडे आखाड्यातला वस्ताद डावही शिकवतो आणि उतरलेला खांदाही बसवतो. ॲलन तसे झाले, फरक एवढाच की त्यांच्याकडे पदवी होती. खेळाडू त्यांना ‘डॉक’ म्हणत. बास्केटबॉलमध्ये हे किती कामाचं, ते घोट्यांवरून कळतं. उडी मारून दुसऱ्याच्या पायावर उतरलं की पाऊल आतल्या बाजूला वळतं आणि बाहेरचे बंध ताणले जातात. सूज उतरली की पोरगा म्हणतो बरा झालो, आणि पुढच्या आठवड्यात तोच घोटा पुन्हा मुरगळतो. ताणलेला बंध आणि तुटलेलं हाड यांतला फरक हातांना कळणारा माणूस बाकावर बसलेला असणं, हे लहान कॉलेजसाठी मोठंच भांडवल होतं. पुढे व्यावसायिक बेसबॉलपटूही दुखणी घेऊन त्यांच्या दारी यायचे.

१९१२ ते १९१९ ते मिसुरीतल्या वॉरेन्सबर्गच्या शिक्षक-प्रशिक्षण कॉलेजात होते आणि तिथे फुटबॉलही शिकवत होते. कोल्हापूरकरांसाठी इथे खुलासा केलेला बरा: शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा तालीम ज्यासाठी भिडतात तो फुटबॉल हा नव्हे. हा अंडाकृती बॉलचा, हाताने खेळायचा, खांदे भिडवायचा अमेरिकन फुटबॉल. एकाच माणसाने दोन्ही खेळ सांभाळणं तेव्हा अजिबात विशेष नव्हतं. फुटबॉल सप्टेंबर ते नोव्हेंबर, सामने जेमतेम आठ-नऊ. बास्केटबॉल डिसेंबर ते मार्च. दोन माणसांना पगार देण्यापेक्षा एकालाच वर्षभर राबवणं कॉलेजला परवडायचं. खेळाडूही पुष्कळदा तेच असत.

१९१९ मध्ये ॲलन क्रीडा संचालक म्हणून कॅन्ससला परतले. बास्केटबॉल संघ दुसऱ्या कोचकडे होता, पण पहिल्या सामन्यानंतर तोही यांच्याच गळ्यात पडला. १९२०च्या हंगामात फुटबॉलही. पाच विजय, दोन पराभव, एक बरोबरी. त्यांच्या फुटबॉलमधलं आज कुणाला आठवत असेल तर ती बरोबरीच. नेब्रास्काविरुद्ध मध्यंतराला संघ ०–२० ने मागे होता. दुसऱ्या अर्धात त्यांनी २० गुण केले आणि समोरच्याला एकही करू दिला नाही. २०–२०. गावात जल्लोष असा झाला की जणू जिंकलेच. ॲलन यांनी ती हवा वाया जाऊ दिली नाही. महायुद्धात गेलेल्या विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ दहा लाख डॉलरची वर्गणी काढायचं ठरलं होतं. लोहा गरम होता तोवर घाव घातला गेला, मे १९२१ मध्ये विद्यार्थी आणि प्राध्यापकांनी मिळून जुने लाकडी स्टँड पाडले आणि त्याच वर्षी नवं स्टेडियम उभं राहिलं. फुटबॉलचा संघ मात्र त्यांनी एका हंगामातच सोडला. योग्य केलं, असंच म्हणावं लागेल.

१९२२ आणि १९२३ च्या त्यांच्या बास्केटबॉल संघांना पुढे मागे वळून पाहताना राष्ट्रीय विजेते ठरवण्यात आलं. त्यांत राखीव बाकावरचा एक पोरगा होता, ॲडॉल्फ रप. केंटकी विद्यापीठाचा कोच म्हणून त्याने ८७६ सामने जिंकले.

१९२७ साली मात्र खेळाच्याच मुळावर घाव येत होता. नियम समितीने ठरवलं की ड्रिबल फक्त एका टप्प्याचा ठेवायचा. एकदा आपटा, मग पास द्या नाहीतर शॉट मारा. या सूचनेमागे विस्कॉन्सिनचे कोच वॉल्टर मीनवेल होते. तेही डॉक्टर, आखूड पासांच्या खेळाचे मोठे जाणकार. त्यांचं म्हणणं टाकाऊ नव्हतं. एकच पठ्ठ्या बॉल घेऊन मैदानभर फिरतो, बाकीचे चार बघत उभे राहतात आणि वाटेत जो आडवा येईल त्याच्याशी धडक होते. मूळ १३ नियमांत ड्रिबल नव्हताही. चहूबाजूंनी घेरलेल्या खेळाडूने बॉल थोडा पुढे टाकून स्वतःच पकडायची पळवाट काढली, तीच पुढे कला झाली.

पण एका टप्प्याने नुकसान कुणाचं झालं असतं? उंच खेळाडूचं नाही. तो रिंगखाली उभा राहून पासची वाट बघतो. नुकसान बुटक्या, चपळ पोराचं. त्याच्यापाशी समोरच्याला चुकवायला दिशा बदलणारा दुसरा टप्पा हे एकच हत्यार असतं. पहिला टप्पा डावीकडे, बचाव तिकडे झुकला की दुसरा उजवीकडे. हा दुसराच काढून घेतला तर हुलकावणी उरत नाही. ड्रेक रिलेज या मैदानी स्पर्धेसाठी देशभरचे प्रशिक्षक आयोवातल्या डेमॉइन शहरात जमले होते. तिथे ॲलन यांनी बास्केटबॉलच्या कोचना एकत्र आणलं, कोचांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि ते तिचे पहिले अध्यक्ष झाले. नियम मागे घ्यावा लागला. आज ड्रिबलची जी काही जादू जगभर दिसते, ती या भांडणाच्या निकालावर उभी आहे. गंमत बघा: ज्याने पास आणि कोन यांचं शास्त्र मांडलं, त्यानेच ड्रिबल वाचवला.

याच संघटनेने १९३९ मध्ये महाविद्यालयांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी तोटा झाला. पुढच्या वर्षी ॲलन यांनी ती कॅन्सस सिटीला नेली आणि अंतिम सामन्यात त्यांचाच संघ इंडियानाकडून ४२–६० हरला. त्याआधी १९३६ मध्ये बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये आला, त्यासाठीही त्यांनी वर्षानुवर्षं घोडं पुढे दामटलं होतं. वयोवृद्ध नेस्मिथ यांना बर्लिनला पाठवायला अमेरिकेतल्या कोचांनी वर्गणी काढली. अंतिम सामना उघड्यावर, मातीच्या टेनिस कोर्टवर, भर पावसात झाला. चिखलात बॉल उसळेना, त्यामुळे ड्रिबलच नाही. अमेरिका १९, कॅनडा ८.

ॲलन यांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. रिंग १० ऐवजी १२ फुटांवर न्यावी, हा हट्ट त्यांनी कित्येक वर्षं धरला. उंच खेळाडू नुसते हात वर करून बॉल ठेवतात, त्यांत कसब कसलं, अशी तक्रार. १९३४ मध्ये कॅन्सस स्टेटविरुद्ध १२ फुटी रिंग लावूनही पाहिली. गणित मात्र त्यांच्या बाजूने नव्हतं. रिंग वर गेली की लांबून मारलेले शॉट जास्त हुकतात, हुकलेला बॉल खाली यायला जास्त वेळ घेतो आणि खाली त्याची वाट बघत उभा असतो तो उंचच. बुटक्याला आणखीच तोटा. उंचीचं वजन खरं कमी झालं ते वेगळ्या बदलांनी. १९३७पर्यंत प्रत्येक बास्केटनंतर बॉल पुन्हा मध्यभागी नेऊन जंप बॉल व्हायचा, म्हणजे पंच बॉल वर उडवणार आणि दोन्ही संघांचे सेंटर उडी मारून तो आपल्याकडे वळवणार. म्हणजे ज्याच्याकडे उंच सेंटर त्याला बास्केटही मिळायची आणि लगेच बॉलही. तो बंद झाला. १९४४ मध्ये रिंगकडे उतरणारा बॉल हाताने उडवायला बंदी आली. आणि उंच पोरांना नाकं मुरडणाऱ्या ॲलन यांनी पुढे स्वतः इंडियानातून सहा फूट नऊ इंचांचा क्लाइड लव्हलेट शोधून आणला!

दुसरी गोष्ट हसण्यासारखी नाही. १९३३ मध्ये जॉन मॅकलेंडन हा कृष्णवर्णीय तरुण शारीरिक शिक्षण शिकायला कॅन्ससला आला. त्याला खेळायचं होतं, पण विद्यापीठाच्या संघात कृष्णवर्णीयांना जागा नव्हती, आणि क्रीडा संचालक ॲलनच होते. त्याला सल्लागार मिळाले नेस्मिथ. बास्केटबॉल शिकवता येत नाही म्हणणाऱ्या त्या वृद्धाने या पोराला मैदानाबाहेर बसवून खेळ शिकवला. मॅकलेंडन यांनी धावत्या आक्रमणाची आणि पूर्ण मैदानभर दाब टाकण्याची पद्धत घडवली आणि टेनेसीच्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजाला १९५७ ते १९५९ सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. कॅन्ससच्या संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, लाव्हॅनेस स्क्वायर्स, दिसला तो १९५१-५२ मध्ये. सात-आठशे विजयांच्या आकड्यात हा हिशोब कुठे दिसत नाही.

तोच हंगाम ॲलन यांचा सर्वोच्च. सिएटलमध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सेंट जॉन्सचा ८०–६३ ने पराभव, त्यात लव्हलेटचे ३३ गुण. त्या उन्हाळ्यात हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या अमेरिकन संघात सात खेळाडू कॅन्ससचे होते. ॲलन यांचा बचाव तोवर मुरला होता. त्याला त्यांनी दिलेलं नाव दमछाक करणारं, पण काम सोपं. सुरुवात झोनसारखी, प्रत्येकाची जागा ठरलेली, पुढे दोन आणि मागे तीन अशा थरांत. आपल्या जागेत जो शिरेल त्याला मॅन-टू-मॅन धरायचं. तो दुसऱ्याच्या जागेत गेला की मोठ्याने सांगून सोपवायचा. सांगायचं राहिलं की दोघे एकावर धावतात आणि एक मोकळा सुटतो. आवाजावर चालणारा बचाव हा, फॉगहॉर्नवाल्याला साजेसा.

१ मार्च १९५५ रोजी १७,००० प्रेक्षकांचं नवं सभागृह उघडलं, ॲलन यांच्या नावाचं. त्याच वर्षी फिलाडेल्फियाहून सात फुटांवरचा विल्ट चेंबरलेन आला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघात खेळायची परवानगी नव्हती. नोव्हेंबरात नवख्यांचा संघ मुख्य संघाशी खेळला आणि ८१–७१ ने जिंकला, चेंबरलेनचे ४२ गुण. पुढच्या हंगामात हा हिरा हातात येणार, एवढ्यात ॲलन सत्तरीला पोचले. सरकारी नोकरीत सत्तराव्या वर्षी निवृत्ती सक्तीची होती. त्यांनी सवलत मागितली, मिळाली नाही. १९५६ मध्ये ७४६ विजयांवर थांबले. तेव्हा तो विक्रम होता. आधी रप यांनी तो मोडला आणि पुढे रप यांचा विक्रम डीन स्मिथ यांनी मोडला. हे स्मिथसुद्धा ॲलन यांच्या १९५२च्या संघात बाकावर बसणारे. स्मिथ यांचा सर्वांत गाजलेला डाव म्हणजे चार कोपऱ्यांत माणसं उभी करून बॉल राखायचा. त्याचं मूळ मॅकलेंडन यांच्या आक्रमणात सापडतं.

लॉरेन्सच्या त्या इमारतीवर आजही ॲलन यांचं नाव आहे आणि आतल्या कोर्टला नेस्मिथ यांचं. शेजारच्या दालनात, काचेआड, नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये टाइप करून घेतलेल्या नियमांची दोन पानं ठेवली आहेत. २०१० च्या लिलावात ती ४३ लाख डॉलरना गेली. तेरा नियम आहेत. त्यांत पंच आहे, रेफरी आहे, कॅप्टन आहेत, खेळाडू आहेत. कोच हा शब्द नाही.